घंटा पुन्हा एकत्र केव्हा वाजतील?

पाचवी-सहावीच्या अंकगणितात एक देऊळ असतं. त्याचं गाव कोणतं, देव कोणता, काही सांगितलेलं नसतं. एवढंच कळतं की तिथे तीन घंटा आहेत आणि त्या अनुक्रमे ९, १२ आणि १५ मिनिटांनी वाजतात. सकाळी सहा वाजता तिन्ही एकदम वाजल्या, तर पुन्हा एकत्र केव्हा वाजतील? मुलं लसावि काढतात, १८० मिनिटं येतात, ‘सकाळी ९ वाजता’ असं लिहून खाली दुहेरी रेघ मारतात आणि देवळातून बाहेर पडतात. मला तिथून लवकर निघवत नसे. ह्या घंटा वाजवतं कोण? पुजारी एकच असेल तर त्या बिचाऱ्याची पूजा कधी होते? आणि तिघे असतील, तर त्यांचं आपसात असं काय बिनसलंय की तिघांनी तीन वेगळ्या वेळा धरून बसावं? सहा ते नऊ एवढ्या वेळात पहिली घंटा वीसदा वाजते, दुसरी पंधरादा, तिसरी बारादा. गावकऱ्यांना त्याची इतकी सवय झाली असेल की नऊ वाजता तिन्ही एकदम वाजल्या तरी कुणी मान वर करून पाहत नसेल. शिवाय मधल्या वेळात बरंच काही घडतं. छत्तिसाव्या मिनिटाला पहिली आणि दुसरी घंटा एकत्र वाजतात, तिसरी गप्प असते. पंचेचाळिसाव्या मिनिटाला पहिली आणि तिसरी. बरोबर सात वाजता दुसरी आणि तिसरी, आणि पहिली धापा टाकत तीन मिनिटं उशिरा पोचते. ह्या दोघी-दोघींच्या भेटी गणिताच्या लेखी भेटीच नव्हेत. कोरम भरल्याशिवाय सभा नाही.

त्याच धड्यात पुढे तिघे जण एका गोल मैदानाला फेऱ्या मारत असतात. एकाला फेरीला ४ मिनिटं लागतात, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ६. तासाभराने तिघे पुन्हा सुरुवातीच्या रेघेवर एकत्र येतात. आता एवढं तासभर पळून समोरासमोर आलो आहोत तर घडीभर थांबावं, पाणी प्यावं, घरचं कसं काय म्हणून विचारावं. पण उदाहरणातली माणसं थांबत नाहीत. त्यांच्या पायात गोळे येत नाहीत, त्यांना घरून हाका येत नाहीत. ती तशीच पुढच्या तासाला निघून जातात, मग त्याच्या पुढच्या. साधारण विभाज्यांना अंत नाही: ६०, १२०, १८०, चालूच. म्हणून पुस्तक सगळ्यांत लहान तेवढा विचारतं. सगळ्यांत मोठा कुणी विचारलाच तर गुरुजी, पुस्तक आणि ब्रह्मदेव असे तिघेही निरुत्तर होतील. पहिल्या भेटीला नाव आहे, धड्यात चौकट आहे, परीक्षेत दोन गुण आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीचं कुणाला सोयरसुतक नाही. आपल्याकडच्या कांदेपोह्यांचंही असंच असतं म्हणा.

लसावि मी शाळेत शिकायच्या कितीतरी आधी घरच्या भिंतीवर पाहिला होता, कालनिर्णयवर. माझे वडील एका औष्णिक वीज केंद्रात नोकरीला होते. बॉयलरला रविवार नसतो, टर्बाइनला गणपती नसतात. दोन दिवस फर्स्ट शिफ्ट, दोन दिवस सेकंड, दोन दिवस नाईट आणि मग दोन दिवस ऑफ, असं बाबांचं आठ दिवसांचं चाक होतं. बाकी जगाचं चाक सात दिवसांचं. महिन्याचं पान उलटलं की आई लाल पेन्सिल घेऊन बसायची आणि ऑफच्या तारखांना गोल करायची. त्याच चौकोनांत दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण असं सगळं बारीक अक्षरात दाटलेलं असे. कालनिर्णयात वार वरून खाली असतात आणि आठवडे शेजारी-शेजारी, त्यामुळे ते लाल गोल दर आठवड्याला एकेक घर तिरके उतरत जात. शनिवारच्या घरातून निसटले की वरच्या रविवारच्या घरात शिरत. ते तिथे केव्हा शिरतात याकडे माझं सगळं लक्ष.

सात आणि आठ यांचा लसावि ५६. छप्पन्न दिवसांत बाबांच्या चौदा सुट्ट्या होत, आणि त्यांत रविवार किती, तर दोन. तेही लागोपाठचे: एका आठवड्यात शनिवार-रविवार ऑफ, पुढच्या आठवड्यात रविवार-सोमवार, आणि मग सलग सहा रविवार कोरडे. त्या दोनांतलाही दुसरा पुरता हाती लागत नसे. शनिवारची नाईट करून बाबा रविवारी सकाळी घरी येत, डबा ओट्यावर ठेवत, आंघोळ करत आणि दुपारपर्यंत झोपत. तोवर घरात सगळं दबक्या आवाजात चाले. कुकरची पहिली शिट्टी सुरू होताच आई धावत जाऊन गॅस बारीक करी. अंगणात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना खिडकीतून तोंडावर बोट ठेवून दाखवायचं काम माझ्याकडे. म्हणजे म्हणायला रविवार दोन, पदरात पडायचा दीड. दिडकीचा पाढा मला वर्गात सगळ्यांच्या आधी पाठ झाला, यात नवल नाही.

वसाहतीत अशा चार बॅचेस होत्या, ए, बी, सी, डी. तीन बॅचेस तीन शिफ्टना आणि चौथी घरी. त्यामुळे कोणत्याही रविवारी वसाहतीतल्या शिफ्टवाल्यांपैकी पाव हिस्सा बाबा घरी असत, बाकीचे कामावर किंवा कामावरून येऊन पांघरुणात. माझ्या जिवलग मैत्रिणीचे बाबा सी बॅचला, माझे एला. दोघींच्या आयांनी मिळून दर उन्हाळ्यात सहलीचा बेत करायचा, धरणावर जायचं, डबे कोण काय करणार इथपर्यंत यायचं, आणि मग दोन घरांची दोन कॅलेंडरं शेजारी ठेवून पाहायची. तिच्या घरचे गोल आणि आमच्या घरचे गोल कधी एकाच चौकोनात येत नसत. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. दोघांची चाल तंतोतंत सारखी, आठाची. फक्त सुरुवात वेगळ्या दिवशी झालेली.

इथे पुस्तकातल्या देवळाची मेख कळते. तिथल्या घंटा पुन्हा एकत्र वाजतात, कारण सकाळी सहा वाजता त्या एकदा एकत्र वाजलेल्या असतात. ते गृहीतच धरलेलं असतं, आणि मुलं ते वाचून पुढे जातात. जे एकदा भेटले ते लसाविइतक्या काळाने पुन्हा भेटणार, याची हमी अंकगणित देतं. जे कधीच भेटले नाहीत त्यांचं काय, यावर ते बराच वेळ मौन पाळतं. समजा एकाची सुट्टी दर सहाव्या दिवशी आणि दुसऱ्याची दर आठव्या. लसावि २४, फार नाही. पण दिवस मोजत गेलं आणि एकाच्या सुट्ट्या सम आकड्यांवर पडल्या, दुसऱ्याच्या विषम आकड्यांवर, तर चोवीस दिवस राहू देत, चोवीस जन्म थांबलं तरी गाठ पडायची नाही. दोघांत २ हा साधारण अवयव आहे, आणि तोच मधे उभा राहतो. सात आणि आठ यांच्यात तसं काही नाही. लागोपाठच्या दोन संख्यांत १ सोडला तर कोणताही साधारण विभाजक सापडत नाही. त्या नेहमी सहमूळ असतात. भिंतीला भिंत लागून राहतात आणि एकीच्या घरचं काही दुसरीच्या घरी मिळत नाही. म्हणून त्यांचा लसावि थेट गुणाकाराइतका लांब जातो. पण त्यांनी सुरुवात कुठूनही केली, तरी भेटायचं त्या चुकत नाहीत. जवळिकीने भेट लवकर होते, पण चुकू शकते. ज्यांच्यात काहीच सारखं नाही त्यांची उशिरा होते, पण होतेच. पत्रिका जुळवणाऱ्यांनी याचा कधी विचार केला असेल असं वाटत नाही.

आपल्या जुन्या गणित्यांनी मात्र केला होता. अमुक संख्येने भागल्यास एवढी बाकी, तमुक संख्येने भागल्यास तेवढी, तर ती संख्या कोणती, या जातीच्या प्रश्नांसाठी ‘कुट्टक’ नावाची रीत आर्यभटाने इ. स. ४९९च्या सुमारास दिली, आणि भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. कुट्टक म्हणजे कुटणं. मोठ्या संख्या भागून भागून बारीक करायच्या. दोन चाकं वेगवेगळ्या दिवशी सुरू झाली असली तरी त्यांची गाठ केव्हा पडेल, आणि मुळात पडेल की नाही, हे त्या कुटण्यातून कळतं. त्याच ‘लीलावती’त अपूर्णांकांचे छेद समान करायची रीत आहे. आधी सरळ मार्ग सांगितला आहे: दोन्ही छेदांनी परस्परांना गुणावं. आणि लगेच पुढे, बुद्धिमान माणसाने आधी साधारण अवयवाने छेद लहान करून घेतले तरी चालेल, अशी पुस्ती. गुरुजींनी वर्गाकडे पाहत एक वाक्य बोलावं आणि पुढच्या बाकावरच्या एखाद्याकडे पाहत दुसरं, तसं ते वाटतं. ह्या भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. तिकडून धुळ्याला जाणाऱ्या एसटीतल्या पोरांच्या दप्तरात आजही लसावि असतो. सुज्ञांसाठीची पुस्ती असते की नाही कोण जाणे.

काहींना न भेटण्यातच सुख असतं. अमेरिकेत सिकाडा नावाचे कीटक आहेत. त्यांची पिल्लं जमिनीखाली झाडांच्या मुळांचा रस पीत वर्षानुवर्षं राहतात आणि ठरलेल्या वर्षी लाखोंनी वर येऊन किर्र ओरडत सुटतात. काहींचं चक्र १३ वर्षांचं, काहींचं १७. दोन्ही मूळ संख्या. शत्रूच्या किंवा दुसऱ्या टोळीच्या चक्राशी आपलं चक्र सहसा जुळू नये म्हणून निसर्गात अशा संख्या टिकल्या असाव्यात, असा एक तर्क शास्त्रज्ञ करतात. तेरा आणि सतरा यांचा लसावि २२१. त्यातल्या दोन मोठ्या टोळ्या २०२४च्या उन्हाळ्यात एकाच वर्षी वर आल्या. त्याआधीची त्यांची गाठ १८०३मधली, तेव्हा इकडे असईची लढाई अजून व्हायची होती. पुढची २२४५मध्ये. भाऊबंदकीत इतका नेटका बंदोबस्त आपल्याला जमला नाही. आपल्याकडे न बोलणारे चुलतभाऊ दर लग्नात एकाच पंगतीत शेजारी येतात.

पैशांतही एकदा अशी गाठ घालायची वेळ आली होती. १ एप्रिल १९५७ला देशात दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते, आता शंभर नवे पैसे झाले. सोळा आणि शंभर ही जोडी मोठी बेढब. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे, दोन आण्यांचे साडेबारा. अर्धा नवा पैसा कुणी पाडलेला नव्हता, तेव्हा वाण्याच्या दुकानात पहिली काही वर्षं पाव पैशावरून काय काय वादावादी झाली असेल! दोन्ही हिशेब पहिल्यांदा बिनबोभाट जुळतात ते चार आण्यांवर, म्हणजे पंचवीस पैशांवर. मग आठ आण्यांवर पन्नास, बारा आण्यांवर पंच्याहत्तर, आणि सोळा आण्यांवर अख्खा रुपया. आता बोलण्यातून काय टिकलं ते पाहा. ‘तीन आणे’, ‘सात आणे’ कधीच गेले. ‘चार आणे’ आणि ‘आठ आणे’ मात्र आणा चलनातून गेल्यावरही कित्येक वर्षं बसच्या तिकिटाला आणि पेरूच्या फोडीला चालत राहिले. आण्याचा एकही तुकडा हातात न धरलेली माझी पिढी चार आण्याच्या लिमलेटच्या गोळ्या मागत मोठी झाली. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११पासून बाद झालं. ‘बारा आणे काम झालंय’ असं सुतार अजून सांगतो, आणि उरलेले चार आणे किती दिवसांचे ते आपल्याला कळतं.

हे जुळणं कानाला कसं वाटतं हे पाहायचं तर मैफलीत तबल्याजवळ जाऊन बसावं. झपताल दहा मात्रांचा. त्यात तबलजी तीन मात्रांचा एखादा तुकडा धरतो आणि तोच वाजवत सुटतो. तीन दहात बसत नाही, हे त्याला ठाऊक आहे, आपल्याला ठाऊक आहे, शेजारी बसलेल्या काकांनाही ठाऊक आहे, कारण त्यांची बोटं मांडीवर मोजू लागलेली आहेत. पहिलं आवर्तन संपून सम येते तेव्हा ती तुकड्याच्या दुसऱ्या मात्रेवर पडते, आणि काहीतरी चुकल्याची बारीक कळ मनात उठून जाते. पुढची सम तिसऱ्या मात्रेवर, म्हणजे आणखी लांब. आता गायकही हसून तबल्याकडे पाहतो. आणि तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटी, तिसाव्या मात्रेनंतर, तुकडा दहादा पुरा होऊन समेवर असा येऊन पडतो की अख्ख्या सभागृहाच्या माना एकदम हलतात आणि काकांच्या तोंडून ‘क्या बात है’ निघून जातं. तिसाऐवजी ते विसाव्या मात्रेला जुळलं असतं तर माना एवढ्या हलल्या नसत्या असं मला वाटतं. सवाई गंधर्वला थंडीत कुडकुडत बसलेली ती हजारो माणसं खरं तर लसाविची वाट बघत बसलेली असतात. वर्गात हेच विचारलं तर त्यातली निम्मी उठून जातील.

आता बाबांना शिफ्ट नाही. त्यांच्याकडे गोळ्या आहेत. रक्तदाबाची गोळी रोज एक, पट्टी पंधराची. ड जीवनसत्त्वाची आठवड्याला एक, पट्टी चारची, म्हणजे अठ्ठावीस दिवसांची. दोन्ही एकाच दिवशी सुरू झाल्या, पण एकाच दिवशी संपत नाहीत, आणि प्रत्येक वेळी औषधांच्या दुकानाची वेगळी फेरी पडते. बिलाच्या पाठीमागे पेन्सिलने उभी मांडणी करून त्यांनी काढलं: पंधरा आणि अठ्ठावीस सहमूळ, लसावि ४२०. ‘चौदा महिन्यांनी दोन्ही एकदम संपतील,’ असं त्यांनी आईला सांगितलं, आणि तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, ‘तोवर काय?’ तोवर दुकानदाराची कात्री. तो पट्टी हातात घेतो, चष्मा नाकावर ओढतो आणि हव्या तेवढ्या गोळ्या कापून देतो. गणितात भागाकार असतो, बाकी असते, अशी कात्री नसते. उदाहरणातल्या घंटा आपापली चाल सोडत नाहीत म्हणून त्यांना एवढं थांबावं लागतं. मैत्रिणीच्या घरची आणि आमची सहल शेवटी झाली ती लसाविमुळे नव्हे. तिच्या बाबांनी कुणाशी तरी ड्यूटी बदलून घेतली होती. बाबांचे एक मुसलमान सहकारी दिवाळीतली ड्यूटी नेहमी स्वतःहून घेत, आणि बाबा ईदची. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते, त्यामुळे ह्या देण्याघेण्याचा हिशेब कॅलेंडरावर मांडता येण्यासारखा नव्हताच. कुणी मांडलाही नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा यायचा तो रिकामा परत जात नसे, एवढं मला माहीत आहे.

पंचांगकर्त्यांनाही ही कात्री चालवावी लागली. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. कुणीच कुणाला जुमानत नाही. दोघांना आपापल्या चालीने जाऊ दिलं तर श्रावण उन्हाळ्यात येईल आणि कोजागरी पावसात भिजेल. म्हणून दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना घालून चंद्राला थोपवून धरायचं. अधिक मास तो हाच, लोकांच्या तोंडी धोंड्याचा महिना. दोन आडमुठ्या चक्रांची सांगड घालण्याचं हे खगोलशास्त्रीय काम आपल्याकडे जावयाच्या ताटात तेहतीस अनारसे वाढून पार पडतं. १९ सौर वर्षांत असे सात अधिक मास येतात, बारा गुणिले एकोणीस अधिक सात, म्हणजे एकूण २३५ चांद्रमास, आणि तिथे चंद्र-सूर्याचा हिशेब जवळजवळ मिटतो. दोघांतला फरक उरतो फक्त दोनेक तासांचा. अथेन्समधल्या मेटनने इ. स. पूर्व ४३२मध्ये हे चक्र मांडलं म्हणून ते त्याच्या नावाने ओळखलं जातं. गणेश चतुर्थी २००६मध्ये २७ ऑगस्टला होती आणि २०२५मध्येही २७ ऑगस्टलाच. आदल्या अठरा वर्षांत ती ऑगस्ट-सप्टेंबरभर हिंडत होती आणि दर वर्षी कुणी ना कुणी ‘यंदा गणपती फार लवकर आले हो’ किंवा ‘फार उशिरा आले’ असं म्हणत होतं.

साठीचंही तसंच. गुरूला राशिचक्राची फेरी मारायला बारा वर्षं, शनीला तीस, दोघांचा लसावि साठ, आणि साठच संवत्सरांची नावं, प्रभवपासून क्षयपर्यंत. १९८७च्या पाडव्याला प्रभव लागला, तो परत येईल २०४७मध्ये. खरं पाहता गुरूची फेरी ११.८६ वर्षांची आणि शनीची २९.४६ वर्षांची, त्यामुळे दोघं जुन्या जागेजवळ परततात तेव्हा साठीला वर्षभर बाकी असतं. पण माणसाची शांत करायची ती नेटक्या आकड्यावर, असं ठरलं आणि ते बरं झालं. ११.८६ आणि २९.४६चा लसावि काढत बसणाऱ्या यजमानाची शांत कोण करणार? आर्यभटाने तर सगळ्याच ग्रहांना ४३,२०,००० वर्षांच्या युगात पूर्ण फेऱ्या मारायला लावल्या. त्यात शनीच्या १,४६,५६४ फेऱ्या होतात, गुरूच्या ३,६४,२२४. देवळातल्या तीन घंटांचं गणित त्याने आकाशात मांडलं, आणि त्यातही सुरुवातीला सगळ्यांना एका रेघेवर उभं करायला तो विसरला नाही.

आमच्याकडे जुन्या बायकांचे वाढदिवस तिथीने होतात आणि पोरांचे तारखेने. त्यामुळे एकाच माणसाला वर्षातून दोनदा ओवाळायचं की एकदाच, यावर दर वर्षी घरात चर्चा होते, आणि गोड दोनदा खायला मिळतं म्हणून ती कुणी मिटवत नाही. १९व्या, ३८व्या, ५७व्या आणि ७६व्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख बहुधा एकाच दिवशी येतात. लीप वर्षामुळे किंवा तिथीच्या क्षयवृद्धीमुळे फार तर एखादा दिवस इकडेतिकडे. तेव्हा घरात कुणाला यंदा यातलं एखादं वर्ष पुरं होत असेल तर आत्ताच पंचांग उघडून पाहा आणि लांबच्यांना वेळेवर कळवा. सुट्टी एकच काढावी लागेल.